कंट्रोल व्होल्टेज किती ठेवावं?

आजचा भाग जयपूरच्या जवाहर नगरातून. इथल्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पॅनल बनवणारे हमखास विचारतात, २३० व्होल्ट हाताशी असताना कंट्रोलला २४ व्होल्ट डीसी कशाला?

समजा, स्टॉपचं बटण पॅनलपासून बरंच लांब आहे. लांब केबलमधल्या दोन तारा मिळून कपॅसिटर होतो. बटण दाबलं तरी एसीचा बारीकसा प्रवाह त्यातून वाहतच राहतो. एकदा ओढलेला कॉन्टॅक्टर धरून ठेवायला थोडाच प्रवाह पुरतो. मग तो सुटत नाही आणि मोटर फिरत राहते. पट्ट्यात कुणाचा हात असेल तर? डीसीत ही भानगड नाही. फौजेच्या ट्रकांतही २४ व्होल्टच असायचे, अर्थात तिथलं कारण वेगळं.

२४ चं दुखणं निराळं. १ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, अंतर २०० मीटर. जाऊन-येऊन सुमारे ७ ओहम. कॉइलने १ अँपिअर घेतला की ७ व्होल्ट वाटेतच गेले, उरले १७. कॉइलला किमान ८५ टक्के, म्हणजे २०.४ हवेत. म्हणून लांबच्या बटणावर पॅनलमधला छोटा रिलेच चालवा. तो साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, घट जेमतेम पाव व्होल्ट. मोठा कॉन्टॅक्टर त्या रिलेवरून, पॅनलमधल्या पॅनलमध्ये.