राहून-जेवून शेती शिकताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राहून-जेवून काम करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यातला सालगडी काय किंवा विदर्भातला सालदार काय, पाडव्याला त्याचे साल ठरते आणि वर्षभर तो मालकाच्या शेताशी बांधला जातो. पण शिकलीसवरली, शहरात वाढलेली मुले आपण होऊन सहा-सात महिने कुणाच्या तरी शेतावर राहायला जातात, मातीत राबतात आणि बेताचे पैसे घेऊन परततात, हे ऐकले की आपल्याला नवल वाटते. अमेरिकेच्या ईशान्य भागात, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर या राज्यांत ही रीत चांगली रुजली आहे. कृषी पदवीनंतर प्रशिक्षणार्थी म्हणून २०१६ चा हंगाम मी व्हरमाँटमधल्या अशाच एका शेतावर काढला. ही रीत चालते कशी आणि तिच्यात कोणाला काय मिळते, हे आज सांगायचे आहे.

आधी शेताची कल्पना यावी. नवरा-बायको आणि मुले एवढेच घर. भाजीपाल्याला पाच-सहा एकर, बाकी गवताचे कुरण आणि जंगल. भाज्या मात्र तीस-चाळीस प्रकारच्या. जोडीला कोंबड्या, चार-दोन डुकरे, दुभत्या गायी आणि थोडी सफरचंदाची झाडे. शेत सेंद्रिय, म्हणजे तणनाशक चालत नाही. गाजराचे बी उगवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तण त्याच्या आधीच जमीन झाकून टाकते. मग लांब दांड्याच्या खुरप्याने ओळींमधले तण काढायचे आणि ओळीतले गुडघ्यावर बसून हाताने उपटायचे. एकाच पिकाचे मोठे शेत यंत्राने उरकता येते. चाळीस पिकांचे छोटे शेत हातांवरच चालते.

त्यात हंगाम आखूड. मे महिना सरत येईपर्यंत रात्री दव गोठण्याची धास्ती आणि सप्टेंबरच्या अखेरीस ती पुन्हा हजर. कांद्याचे बी मार्चमध्ये, बाहेर बर्फ असतानाच, हरितगृहात ट्रेमध्ये टाकावे लागते. मे महिन्यात बटाटे, जूनच्या तोंडावर टोमॅटोची रोपे. जूनमध्ये लसणाचे कोवळे दांडे खुडायचे, जुलैत लसूण उपटून वाळत घालायचा आणि ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाचा लसूण पुन्हा लावायचा. जनावरांना तर रविवारही ठाऊक नसतो. कोंबड्यांचे चाकावरचे खुराडे रोज पुढे सरकवावे लागते. अशा कामाला घड्याळ लावून येणारा मजूर पुरत नाही. आवारातच राहणारे माणूस लागते. शिवाय खेड्यात भाड्याची घरे कमी आणि महाग. म्हणून शेतकरी गोठ्यावरची खोली, जुनी चाकावरची गाडी किंवा लाकडी झोपडी देतो आणि दुपारचे जेवण सगळ्यांचे एकत्र होते.

पैशाची बाजू पाहू. अशी बरीच शेते ठरावीक गिऱ्हाइकांवर चालतात. गावातली कुटुंबे हंगामाआधीच वर्षाचे पैसे भरतात आणि मग दर आठवड्याला त्यांना भाजीची टोपली मिळते. अमेरिकेत ही पद्धत १९८६ साली मॅसॅच्युसेट्समधले इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधले टेंपल-विल्टन शेत या दोन ठिकाणी सुरू झाली. तिच्यामुळे बियाणे घ्यायला कर्ज काढावे लागत नाही आणि पीक बुडाले तर तोटा सगळे मिळून सोसतात. पण टोपलीची किंमत दुकानातल्या भावापेक्षा फार वर नेता येत नाही. मग काटकसर कुठे होते? बहुतेक वेळा मजुरीत. अनेक शेतांवर शेतकऱ्याला स्वतःलाही तासाचा हिशेब मांडला तर मजुराएवढे सुटत नाही.

कायदाही शेताला सवलत देतो. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. त्यातून शेतमजुरांना तेव्हा वगळलेच होते. १९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरचे मजूर त्यात आले, पण छोटी शेते बाहेरच राहिली. आदल्या वर्षीच्या कोणत्याही तिमाहीत पाचशेपेक्षा जास्त मनुष्य-दिवस मजुरी लागली नसेल, म्हणजे साधारण सात माणसे पूर्णवेळ कामावर नसतील, तर त्या शेताला केंद्राचे किमान वेतन लागू नाही. राज्यांचे नियम निरनिराळे आहेत, पण मुद्दा तोच. राहणे, जेवणे आणि शिकणे हे जे मजुरीच्या जागी दिले जाते, त्याची किंमत बरेचदा कायदा नव्हे, तर त्या घराची नीयत ठरवते.

याचेच दुसरे रूप म्हणजे ‘वूफ’. १९७१ साली सू कोपर्ड या लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या बाईंनी शनिवार-रविवार शेतावर घालवण्यासाठी ते सुरू केले. पहिल्या खेपेला ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर अवघे चार जण गेले होते. आज ती चळवळ शंभरावर देशांत पसरली आहे. तिथे पैशाचा व्यवहार नाही. दिवसाचे चार-सहा तास काम आणि त्याबदली राहणे-जेवणे. पाहुणा काही दिवसांनी पुढे जातो, त्यामुळे हिशेब सोपा. हंगामभर राहून दिवसाला दहा तास राबणाऱ्याचा हिशेब तेवढा सोपा नाही. दोन्हींना ‘शिकणे’ हाच शब्द वापरला, की घोटाळा सुरू होतो.

शिकणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले. आमच्याकडे सोमवारी सकाळी सगळे मिळून शेतातून फेरी मारत असू. कोणत्या वाफ्यात आधी काय होते, फेरपालट कशी ठरली, यंदा कोबीला कीड का कमी, हे शेतकरी बोलून दाखवी. पानांवर येणारी कच्ची शेणखताची शंका घ्या. सेंद्रिय नियमानुसार ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, त्याला कच्चे शेणखत काढणीआधी किमान १२० दिवस घालावे लागते आणि बाकीच्यांना ९० दिवस. हे नुसते पाठ करणे वेगळे आणि कोणत्या वाफ्याला केव्हा खत पडले याची वही स्वतः ठेवणे वेगळे. कंपोस्टचा ढीग रचायला शिकलो, तेव्हा समजले की या शास्त्राची एक मोठी वाट आपल्या इंदूरमधून जाते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथेच ती पद्धत बसवली होती.

जवळच्याच दुसऱ्या एका शेतावरची मुलगी मात्र चार महिने फक्त खुरपत होती. तिला बी कुठून येते ते ठाऊक नव्हते, हिशेबाची वही तिने पाहिली नव्हती आणि सुट्टीचा वार दर आठवड्याला बदलत होता. तिलाही प्रशिक्षणार्थीच म्हणत. नाव तेच, छप्पर तेच, पण तिला मिळत होती ती स्वस्त मजुरी.

इथे मला आपला सालगडी आठवतो. त्यालाही छप्पर, धान्य, कपडे आणि ठरलेली रक्कम मिळते. फरक पडतो तो उचलीने. लग्नाला, आजारपणाला घेतलेली उचल फिटेपर्यंत ज्याला काम सोडता येत नाही, तो वेठबिगार ठरतो आणि १९७६ च्या कायद्याने ती पद्धत बंद केली आहे. व्हरमाँटमधली ती मुलगी चौथ्या महिन्यात सामान बांधून निघून गेली. तिला जाता आले, कारण तिच्यावर उचल नव्हती आणि मागे घर होते. राहून-जेवून कामाचा खरा कस इथे लागतो. ज्याच्या घरात झोपतो, त्याच्याशी भांडण झाले तर रात्री जायचे कुठे, याचे उत्तर आधी हवे.

आता आपल्याकडेही सेंद्रिय शेती करणारी काही घरे शिकाऊ मुलांना ठेवून घेतात. ही चांगली गोष्ट आहे. पुस्तकातून शेती येत नाही. पण दोन्ही बाजूंनी एक कागद जरूर करावा. आठवड्याचे तास किती, सुट्टीचा वार कोणता, खोलीला आतून कडी आहे का, स्वयंपाक कोणी करायचा, हाताला विळा लागला किंवा साप चावला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, मध्येच जायचे झाले तर किती दिवस आधी सांगायचे आणि हंगामाअखेर कोणती कामे एकट्याने जमली पाहिजेत, एवढे त्यात असावे. पाहुण्यासारख्या आलेल्या मुलाशी असे बोलायला शेतकऱ्याला संकोच वाटतो आणि मुलालाही. तो संकोच पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला, तर पुढचे सहा महिने जेवणाचे पान मोकळ्या मनाने वाढले जाते.