कॉपरबँड खायला कसा लागतो

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळे समुद्रकाठची माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. समुद्राचा जिवंत मासा मात्र इथवर येतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, रात्रभरचा प्रवास करून, आणि आला की बऱ्याचदा अन्नाला तोंडच लावत नाही. १९५१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर मरीन ड्राइव्हचा समुद्र होता. इथे आरओच्या पाण्यात पाकिटातले मीठ कालवून समुद्र करावा लागतो. तेही जमते. अडते ते जेवणापाशी.

कॉपरबँड बटरफ्लाय हा त्यातला नामांकित हट्टी. पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, पुढे चिमट्यासारखे लांब तोंड. ते तोंड नीट पाहिले की त्याची अडचण समजते. खडकांच्या फटीत तोंड खुपसून बारीक कृमी आणि कोळंबीच्या जातीचे चिमुकले जीव दिवसभर टिपत राहायचे, ही त्याची जन्माची सवय. पाण्यावर तरंगणारा गोल दाणा हे अन्न आहे, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. शिवाय वाटेत पाणी घाण होऊ नये म्हणून मासे पिशवीत भरण्याआधी उपाशी ठेवतात. म्हणजे घरी येतो तो आधीच अशक्त झालेला असतो. ‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ हा सल्ला इतर माशांना चालेल, याला नाही. हा उपाशी राहतो आणि मरतो.

म्हणून पहिली पायरी खरेदीच्या आधीची. दुकानदाराला तुमच्यासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर त्याला खाऊ घालायला सांगा. डोक्यामागचा पाठीचा भाग भरलेला हवा. तिथे खोलगट दिसले, पोट खपाटीला गेलेले असले, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि मासा ठरवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरी आर्टेमिया वाढवायला लागा.

समुद्रापासून इतक्या दूरच्या गावासाठी आर्टेमियाइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. हा खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा बारीक जीव. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही तो आढळला होता. त्याची अंडी सुकली तरी मरत नाहीत. हवाबंद डब्यात कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात, त्यांना ना फ्रीज लागतो ना बर्फ. पुण्या-मुंबईहून मागवलेले फ्रोझन खाद्य वाटेत वितळते आणि इथे वीज गेली की पुन्हा वितळते. एकदा वितळून परत गोठवलेले खाद्य टाकूनच द्यावे.

अंडी उबवायला प्लॅस्टिकची बाटली बूड कापून उलटी टांगा. एक लिटर पाण्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि पाव चमचा अंडी. तळापर्यंत हवेची नळी सोडून पाणी सतत खळबळत ठेवा, वर दिवा लावा. २८ अंशांच्या आसपास २४ तासांत पिल्ले निघतात. इथल्या थंडीत रात्री पारा उतरला की दीड-दोन दिवस लागतात, म्हणून अंडी खराब निघाली असे लगेच समजू नका. मग हवा बंद करा, खाली उजेड दाखवा. टरफले वर तरंगतात आणि नारिंगी पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. बाटलीच्या खालच्या तोंडातून काढून बारीक कापडावर गाळा, धुवा आणि लगेच घाला. ताज्या पिल्लाच्या अंगात अंड्यातला बलक असतो, तोच त्याचा कस. तास उलटत जातात तसा तो कस उतरतो.

कॉपरबँडला मात्र इतक्या बारीक पिल्लांनी पोट भरण्याचे समाधान मिळत नाही. त्याच्यासाठी काही पिल्ले मोठ्या भांड्यात स्पिरुलिना या शेवाळाची पूड चिमटीचिमटीने घालून वाढवा. दोन-तीन आठवड्यांत ती सेंटिमीटरभर होतात. खाऊ घालण्याच्या काही तास आधी त्यांना पुन्हा स्पिरुलिना चारा, कारण रिकाम्या पोटाचा मोठा आर्टेमिया हे जवळजवळ पोकळ अन्न आहे. त्याची हालचाल माशाला खेचते, पोषण आपण आत भरायचे.

मासा टाकीत सोडल्यावर पहिला दिवस दिवे मंद ठेवा, दांडगे सोबती वेगळे काढा. मग वाढवलेला आर्टेमिया ड्रॉपरने खडकाच्या फटीजवळ सोडा. टिपायला लागला की निम्मी लढाई जिंकली, पण लगेच ताट बदलू नका. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी हलणाऱ्याच्या जोडीला न हलणारे द्या: जिवंत आर्टेमियात थोडा फ्रोझन मायसिस, म्हणजे कोळंबीसारखाच बारीक जीव, मिसळा आणि पाण्याच्या प्रवाहात सोडा, म्हणजे तोही हलता दिसतो. हळूहळू मायसिस वाढवा, जिवंत कमी करा. याला काही दिवस लागतील किंवा काही आठवडे. मासा मागे हटला तर आपणही एक पायरी खाली उतरायचे.

मग रिकामा शिंपला उकळून स्वच्छ करा आणि त्यात कोळंबीचा बारीक खिमा दाबून बसवा. समुद्राचा शिंपला नसला तरी नदीतला चालतो. फट दिसली की त्याचे तोंड आपसूक तिकडे वळते. ही युक्ती भूक वाढवण्याच्या कुठल्याही औषधापेक्षा, लसणाच्या रसापेक्षासुद्धा, मला जास्त भरवशाची वाटते.

इथवर आल्यावरच विविधतेचा विचार. माकूल, कोळंबी, मायसिस, गाबोळी आळीपाळीने द्या. एकाच प्रकारच्या कच्च्या माशावर किंवा कोळंबीवर ठेवू नका, कारण काही जातींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. आठवडी बाजारातला जवळा भिजवून कधीमधी चालेल, रोज नाही. दुकानदार ट्युबिफेक्स नावाचा कृमी देऊ करतील, तो घाण पाण्यात वाढतो, त्याला हात लावू नका. मटण-चिकनही नको. जमिनीवरच्या जनावरांची चरबी माशाला पचत नाही.

दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घाला आणि उरलेले नळीने ओढून काढा. ते सडले की अमोनिया वाढतो, अमोनिया वाढला की भूक मरते, आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. पाणी ३० अंशांवर गेले की त्यातला प्राणवायू घटतो, मासा अन्नाकडे पाहतही नाही. मे महिन्यात टाकीवर पंखा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू द्या.

सगळे करूनही मासा टिपतो आणि थुंकतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, असे दिसले तर बहुधा पोटात परजीवी आहेत. तिथे खाद्य बदलून उपयोग नाही, औषधच लागेल. नवशिक्याने मात्र कॉपरबँडच्या वाटेला न जाता क्लाउनफिशपासून सुरुवात करावी. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या हॅचरीत तो बंदिस्त पाण्यात पैदा केला जातो. पहिल्या दिवसांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, मग आर्टेमिया, मग तयार खाद्य अशी सवय अशा पिल्लांना लहानपणीच लागते, त्यामुळे दाणा पाहून ती बिचकत नाहीत.