मुलींनी घडवलेले सर

मुलांनो, फुटबॉल म्हटलं की पेले, मॅराडोना, मेस्सी अशी नावं तुम्ही धडाधड सांगाल. पण मुलींच्या फुटबॉलमधली चार नावं सांगा म्हटलं, तर? झाली ना पंचाईत! म्हणूनच आज एका अशा सरांची ओळख करून घेऊ या, ज्यांनी एका कॉलेजात मुलींना ४५ वर्षं फुटबॉल शिकवला. त्यांचं नाव अ‍ॅन्सन डोरन्स. सर अमेरिकेचे, पण जन्म कुठला, ठाऊक आहे? आपल्या मुंबईचा! तारीख ९ एप्रिल १९५१. वडिलांच्या नोकरीमुळे केनिया, इथिओपिया, सिंगापूर अशा देशांत त्यांचं बालपण गेलं.

पुढे ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ चॅपल हिल या गावी आहे. तिथेच १९७७ साली ते मुलांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले.

त्या वेळी अमेरिकेत एक मोठा बदल होत होता. १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा तो कायदा. मग खेळातसुद्धा मुलींना संधी देणं भाग पडलं. चॅपल हिलमध्ये मुली आपल्या हौसेने फुटबॉल खेळतच होत्या. १९७९ साली विद्यापीठाने त्यांचा अधिकृत संघ सुरू केला आणि तो सोपवला डोरन्स सरांकडे. १९८८ पर्यंत सर दोन्ही संघ सांभाळत होते. सकाळ-संध्याकाळ नुसता चेंडू!

दोन्हींकडे शिकवताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुलांना चूक पटवायची, तर सामन्याची फिल्मच दाखवावी लागे. नाहीतर ‘मी नाही, तो चुकला’ हे ठरलेलं! मुलींचं उलट. ‘कुठेतरी चूक झाली’ एवढं म्हटलं, तरी प्रत्येकीला वाटे, सर मलाच बोलतायत. मग सर मुलींना त्यांच्या चांगल्या खेळाचीच फिल्म दाखवू लागले. आरडाओरड करून काम होत नाही, हे त्यांना मुलींनीच शिकवलं.

पण म्हणून लाड नव्हते हं! विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे नामवंत प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातली प्रत्येक गोष्ट मोजून लिहून ठेवत. डोरन्स सरांनी ती युक्ती उचलली. कोण किती जोरात पळालं, समोरासमोरच्या झुंजीत कोण जिंकलं, याची रोज नोंद व्हायची आणि क्रमांकांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लागायची. सुरुवातीला मुलींना अवघड वाटे. सरावात जिवलग मैत्रिणीला हरवायचं? मग मैत्रीचं काय? सरांचं म्हणणं असं, की मैदानावर जीव तोडून खेळा आणि बाहेर आलात की पुन्हा मैत्रिणी व्हा.

या मेहनतीचं फळही तसंच मिळालं. १९८१ साली पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं. १९८५ च्या अंतिम सामन्यात मात्र जॉर्ज मेसन विद्यापीठाने त्यांना हरवलं. त्यानंतर १९८६ ते १९९४ अशी सलग ९ वर्षं अजिंक्यपद चॅपल हिललाच! एकदा तर हा संघ १०३ सामन्यांत एकदाही हरला नाही.

१९८६ पासून सर अमेरिकेच्या महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९८७ साली त्यांनी या संघात १५ वर्षांची एक मुलगी घेतली. तिचं नाव मिया हॅम. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. त्या संघातल्या १८ पैकी ९ जणी चॅपल हिलच्या होत्या.

मिया हॅमची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत एका सकाळी सर गाडीतून चालले होते. बघतात तो काय, मिया एकटीच मैदानावर धावतेय. धावायची, वाकून दम घ्यायची, पुन्हा धावायची. सर न थांबता निघून गेले; पण नंतर त्यांनी तिला चिठ्ठी लिहिली. कुणी बघत नसतानाही जी घामाने निथळेपर्यंत मेहनत करते, तीच खरी विजेती, असा तिचा आशय होता. हीच मिया २००१ आणि २००२ साली जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली.

तर शब्दांत असं बळ असतं. पण शब्द घावही करतात. १९९८ साली सरांच्या दोन माजी खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात दावा केला. सर मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल नको ते बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण कित्येक वर्षं चाललं. शेवटी तडजोड झाली. अशा गप्पांत आपण सामील व्हायला नको होतं, हे सरांनी मान्य केलं आणि २००८ साली लेखी माफी मागितली. इतक्या यशस्वी गुरूविरुद्ध बोलायला केवढं धैर्य लागलं असेल! मुलांनो, गुरू कितीही मोठा असो, त्याचं बोलणं खटकलं तर ते घरी सांगायचं. आणि पालकांनो, ते शांतपणे ऐकून घ्यायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये डोरन्स सर निवृत्त झाले. तोवर त्यांच्या संघाने २२ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली होती. सर गेले, आता संघाचं कसं होणार? काही नाही झालं! त्यांचे सहायक डेमन नाहास यांनी संघ हाती घेतला आणि त्याच डिसेंबरात मुलींनी २३ वं अजिंक्यपद खेचून आणलं. मैदान तेच, मेहनत तीच. फक्त सर बदलले होते.

तुम्हीही एक करून बघा. दोरीवरच्या उड्या असोत, नाहीतर पाढे. रोज किती जमलं ते वहीत लिहून ठेवा. महिन्याने पहिलं पान उघडा. आपण किती पुढे आलो, हे तुमचं तुम्हांलाच कळेल. मग कधी करताय सुरुवात?