पट उलटा फिरवून पाहा

बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी एक सराव. प्रतिस्पर्ध्याने खेळी केली, की मनात विचारायचं: पुढची खेळीही त्यालाच मिळाली असती, तर त्याने काय केलं असतं? उत्तरात त्याचा डाव सापडतो. १९६३ ते १९६९ जगज्जेता असलेला तिग्रान पेट्रोस्यान धोका असा उगवण्याआधीच खुडण्यासाठी प्रसिद्ध होता.

प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पट वेगळाच दिसतो. उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर दोघांनाही पांढरंच. पण पांढऱ्याचा वजीर राजाच्या डावीकडे, काळ्याचा उजवीकडे. त्यामुळे पांढऱ्याच्याच सरावाची मुलं काळी मोहरी मिळाली की बावचळतात. म्हणून दोन्ही बाजूंनी सराव करावा. मोबाइलवरच्या खेळात पट फिरवायचं बटण असतं. घरी सरळ उठून पलीकडे बसावं. स्पर्धेत मात्र समोरच्याच्या पाठीशी रेंगाळू नये. त्याचं लक्ष विचलित करणं नियमबाह्य आहे.

काळ्या मोहऱ्यांना घाबरूही नये. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. निर्णायक जलद डावात तिच्याकडे काळीच मोहरी होती.