‘म्हणे’ला नाव विचारा

“अगं, टीव्हीवर दाखवलं म्हणे!” बचत गटाच्या बैठकीत कुणी असं म्हटलं की मी विचारते, “तू स्वतः पाहिलंस का?” उत्तर ठरलेलं. “मी नाही गं, जाऊबाईंनी सांगितलं.” जाऊबाईंना शेजारणीनं सांगितलेलं असतं!

अशा वेळी मला दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडची हकिगत आठवते. १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि जर्मनीच्या रेडिओवरून इंग्रजीत प्रचार सुरू झाला. त्यातला मुख्य आवाज विल्यम जॉइसचा. ‘लॉर्ड हॉ-हॉ’ हे थट्टेचं नाव त्याला चिकटलं. हा शत्रूचा माणूस, हे माहीत असूनही लाखो लोक त्याला ऐकत. घरच्या बातम्यांना सेन्सॉरची कात्री, मग करणार काय?

१९४० मध्ये गावोगावी कुजबूज सुरू झाली. “आपल्या गावचं घड्याळ मागे पडलंय, हेसुद्धा हॉ-हॉनं सांगितलं म्हणे! म्हणजे गावात हेर आहेत. आता आपल्यावर बॉम्ब पडणार!” बायाबापड्यांची झोप उडाली. पण बीबीसीची माणसं शत्रूचा रेडिओ रात्रंदिवस ऐकून सगळं टिपून ठेवत होती. त्या नोंदी तपासल्या, तर घड्याळाचा उल्लेख कुठेच नाही! शत्रू जे बोललाच नाही, ते आपल्याच माणसांच्या भीतीनं बोलून दाखवलं होतं.

सरकारनं आधी धाक दाखवला. निराशेचं बोलणाऱ्यांवर खटले भरले. लोक चिडले, आणि जुलै १९४० मध्येच ती मोहीम गुंडाळावी लागली. त्याच वर्षी बीबीसीनं एक साधी गोष्ट केली. निवेदक बातम्या देताना स्वतःचं नाव सांगू लागले. आवाज आणि नाव ओळखीचं झालं, की तोतया पटकन पकडता येतो.

मैत्रिणींनो, हे दूरच्या देशातलं जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. पुढे पाठवणारे हजार, पण मूळ सांगणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून आमच्या गटात आता एक नियम आहे. बातमी जरूर सांगा, पण सांगणाऱ्याचं नाव आधी सांगा. नुसतं ‘म्हणे’ असेल, तर ती बातमी तिथेच थांबवायची.