नव्या गाडीचे ब्रेक लवकर का झिजतात?

गाडी घेऊन दीड वर्षही झालेलं नसतं. सर्व्हिसिंगला टाकली की मेकॅनिक सांगतो, ‘पुढचे ब्रेक पॅड संपलेत, बदलावे लागतील.’ मालकाला हे पटत नाही. शेजाऱ्याची तशीच गाडी दुप्पट धावली आहे आणि तिला अजून पहिलेच पॅड आहेत. मग खोट कुणाची? गाडीची, मेकॅनिकची, की चालवणाऱ्याची? या भांडणाचा बराचसा निकाल आपल्याला नववी-दहावीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यावरून लावता येतो.

चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक चकती फिरत असते. आपण पायाने ब्रेक दाबला की दोन बाजूंचे दोन पॅड तिला चिमटीत धरतात. घर्षण होतं आणि गाडीच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलतात. म्हणजे सगळं आयुष्य या सहा-सात मिलिमीटरमध्ये! खोडरबरासारखी ही झिजण्यासाठीच केलेली वस्तू आहे. आता खोडरबर किती दिवस पुरेल हे वहीच्या पानांवर ठरतं, की केलेल्या चुकांवर? तसंच इथे आहे. पॅडची झीज गाडी किती किलोमीटर धावली यावर नाही, तर घर्षणाने किती कार्य केलं यावर ठरते.

थोडं गणित करू. माणसांसकट गाडीचं वस्तुमान १००० किलो धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असताना गतिज ऊर्जा ५० किलोज्यूल होते. वेग दुप्पट, ७२ किलोमीटर, केला की ती होते २०० किलोज्यूल. म्हणजे सिग्नलपर्यंत भरधाव जाऊन करकचून थांबणारा माणूस प्रत्येक वेळी चौपट ऊर्जा पॅडवर टाकतो. दुसरा सिग्नल लांबूनच बघून पाय काढून घेतो. त्याची बरीच ऊर्जा हवा आणि रस्ताच खाऊन टाकतात.

आता घाट घेऊ. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १००० किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्यात ५००० किलोज्यूलने कमी होते. एवढ्या उष्णतेत १६ लिटर गार पाणी उकळीपर्यंत येईल. काही वाटा हवा आणि टायर उचलतात; पण गिअर न्यूट्रलला टाकून उतरलो, तर उरलेलं सगळं त्या चार चाकांच्या ब्रेकवर पडतं.

आणि तापलेल्या ब्रेकचा हिशोब वेगळा असतो. पॅडमधले तंतू आणि चूर्ण राळेने एकत्र बांधलेले असतात. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ही राळ जळू लागते. मग तेवढ्याच कार्याला झीज कितीतरी जास्त होते आणि पकडही सैल पडते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषत असतं. जुनं ऑइल तापून उकळलं तर त्यात बुडबुडे होतात, दाबल्यावर बुडबुडेच दबतात आणि पाय नुसताच खाली जातो. घाटातल्या अपघातांनंतर ‘ब्रेक फेल’ झाले म्हणतात, त्यांतल्या काहींचं मूळ इथे असतं.

उतारावर खालचा गिअर टाकला की ही ऊर्जा इंजिनच्या आतल्या घर्षणात आणि हवा ओढण्यात खर्च होते. न्यूट्रलवर पेट्रोल वाचतं, हा समज मात्र अजून चिवट आहे. इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की सहसा इंधन बंदच होतं. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं.

इतकं झालं तरी सगळा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारणं आम्हाला बरोबर वाटत नाही. पॅड चकतीपासून मागे कसा येतो, हे पाहण्यासारखं आहे. त्याला ओढून घेणारी ताकदवान स्प्रिंग नसते. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवती रबराची एक कडी असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. बस्स, तेवढंच! तिथे गंज चढला, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या धूळपाण्याने अडकल्या, की पॅड चकतीला टेकलेलाच राहतो. समजा, यामुळे फक्त ५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलो वजन पेलायला लागतो तेवढा विरोध झाला. चालवताना तो जाणवणारही नाही. पण १०० किलोमीटरमध्ये तो ५००० किलोज्यूल कार्य करतो. म्हणजे खंडाळ्याचा अख्खा घाट, तोही एकाच चाकाच्या माथ्यावर!

म्हणून जुने पॅड टाकून देण्याआधी मागून घ्यावेत आणि शेजारी शेजारी ठेवून बघावेत. पुढचे चारही पॅड जवळपास सारखे झिजले असतील, तर कारण बहुधा चालवण्यात किंवा रस्त्यात आहे. एकाच चाकाचे, किंवा जोडीतला एकच पॅड पातळ झाला असेल, तर कॅलिपर तपासायला सांगावं. पॅड सहसा वॉरंटीत धरत नाहीत. अडकलेल्या कॅलिपरबद्दल मात्र विचारायला जागा असते. नुसते पॅड बदलून घेतले, तर नवेही तसेच जातील.

वर्गात हे दाखवायला सायकल पुरते. ती उलटी करून पुढचं चाक जोरात फिरवा आणि थांबेपर्यंतच्या फेऱ्या मोजायला सांगा. मग ब्रेकचा रबर रिमला जेमतेम टेकेल इतकी तार ताणा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक बघून मुलं आपणहोऊन विचारतील, की बाकीच्या फेऱ्या गेल्या कुठे. तेव्हा त्यांना रिमला आणि रबराला हात लावून बघू द्या.