शहरातला हिवताप आणि स्लॅबवरचे खाचर

हिवताप हा रानावनाचा, पाटाच्या पाण्याचा आणि भातशेतीचा आजार. शहरात त्याचे भय नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. डासाला वाढायला पाणी लागते, आणि शहरातही ते ठिकठिकाणी साठलेले असते.

गोव्याचे उदाहरण घ्या. १९८६ साली पणजीत हिवतापाची साथ सुरू झाली आणि पुढे कांदोळीसारख्या किनारी गावांतही पसरली. त्या काळात जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. नवा स्लॅब तडकू नये म्हणून त्यावर बुटके बांध घालून बरेच दिवस पाणी भरून ठेवतात. आपल्याला ते पाहून भाताचे खाचरच आठवेल. ॲनोफिलिस स्टीफेन्साय जातीच्या डासाची मादी अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. उघडी टाकी आणि विहीर यांतही ती घालते. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाची चौकशी केली, तेव्हा दोष निघाला तो घरोघरच्या विहिरींचा. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास निराळा. तो हत्तीरोग पसरवतो. म्हणून नुसती गटारे उपसून हिवताप जात नाही.

डास जन्मतः रोगी नसतो. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत पाहिले. आजारी माणसाला चावल्यावरच ते जंतू डासात शिरतात. आता बांधकामावरचा मजूर पाहा. अर्धवट खोलीत, ना दार ना मच्छरदाणी, असा तो झोपतो. ताप आला तरी रोजंदारी बुडेल म्हणून दवाखान्यात जात नाही. खाली रोगी आणि वर डासांची पैदास, मग साथीला आणखी काय हवे? ‘परक्या मजुरांनी रोग आणला’ असे म्हणणे सोपे, पण न्यायाचे नाही. पाणी साठवले ते दुसऱ्याने, पहिला डास चावतो तो मात्र त्याला. आपल्या घरची मुलेही अशा कामावर जातात, हे विसरू नये.

गोव्यात पुढे मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची सक्ती झाली. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे लहान मासे सोडण्याचे प्रयोगही झाले. अलीकडच्या वर्षांत तेथील हिवताप पुष्कळ ओसरला आहे.

पण हल्ली खेडेही शहरासारखे झाले आहे. स्लॅबची घरे, गच्चीवरच्या टाक्या, नळाला रोज पाणी नाही म्हणून भरलेली पिंपे, कौलांवर टाकलेल्या ताडपत्रीचे खळगे, गोठ्यामागचे जुने टायर! डेंग्यूचा एडिस डास यांतच वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. दफनभूमीतील कबरींवरच्या फुलदाण्याही त्याला पुरतात. तेथे पाण्याऐवजी ओली वाळू घालावी.

उपाय साधे आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. त्या दिवशी पिंपे व भांडी रिकामी करून आतून घासून पुसावीत, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात. टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला जाळी किंवा फडके बांधावे. विहिरीत व गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडावेत. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना मच्छरदाणीतच झोपवावे.

ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हिवताप निघाल्यास डॉक्टरांनी दिलेल्या सर्व गोळ्या संपवाव्यात. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात व काही महिन्यांनी पुन्हा उठतात. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन मुळीच घेऊ नये. त्याने रक्तस्राव वाढतो.

शेतातल्या सगळ्या पाण्यावर आपला ताबा नसतो. घरातल्या पिंपावर तरी तो नक्कीच आहे. गावात कोणी घर बांधत असेल, तर स्लॅबवरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सुकवण्यास मालकाला सांगावे आणि तेथे राबणाऱ्या मजुरांना मच्छरदाणी मिळाली की नाही, हेही विचारावे.